गॅलरीतल्या सबनीसबेन

कुंदाताई सबनीस माणसांना गुण देत. दहापैकी. लग्नातल्या मठ्ठ्याला सहा, नव्या मुख्याध्यापकांच्या इंग्रजीला तीन, श्रीखंडाला साडेसात. अर्धा गुण वेलदोडा कमी पडला म्हणून कापलेला असे. त्यांच्या वडिलांच्या तेराव्याला गुरुजींनी मंत्र घाईघाईत उरकले, तेव्हा डोळे पुसतापुसता माझ्या कानाशी येऊन "चार" म्हणाल्या होत्या. आठाच्या वर गेलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही.

बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी चित्रकला. शाळेत त्या सबनीसबेन, घरी आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुंदाताई. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "पाचाच्या वर कुणी आलाच नाही." दांडिया बाजारात त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. खाली जयंतीभाईंचं फरसाणाचं दुकान, समोरच्या इमारतीत मी. मधे जेमतेम एक रिक्षा आणि दोन स्कूटर जातील एवढा रस्ता.

नववीच्या पुस्तकात विषाणूंवर दीड पानाचा धडा होता. कुंदाताई तो एका तासात संपवत. "परीक्षेत दोनच मार्कांना येतो," त्या मुलांना सांगत, "व्याख्या पाठ करा आणि पुढे चला." पुढे त्याच दोन मार्कांनी त्यांना कसं पिदडलं, ते सांगायला मी बसले आहे.

बावन्नाव्या वर्षी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो हटला, पण पुन्हा येणार हे ठरलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी मिळाल्या तर बरं. सख्खं भावंड असेल तर उत्तम. सख्खं भावंड होतं. बडोद्यातच गोत्रीला राहणारे दिवाकरदादा, रिफायनरीतून निवृत्त झालेले. पण भावाबहिणीचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. दादांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांनी पाऊण तास भाषण केलं होतं. खाली उतरल्यावर घामाघूम होऊन हौसेनं विचारलं, "कुंदे, कसं झालं?" कुंदाताई म्हणाल्या, "चार." त्या दिवसापासून दादांनी या रस्त्यावरून जाणं सोडलं होतं.

तपासणीत दादांच्या पेशी कुंदाताईंशी तंतोतंत जुळल्या. दादा एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून दारात हजर. फक्त एवढंच म्हणाले, "पेशी तरी पास झाल्या ना?"

प्रत्यारोपण अहमदाबादला झालं. तीन महिन्यांनी कुंदाताई परत आल्या त्या डोक्याचा गोटा करून आणि तोंडाला मास्क लावून. मास्क लावलेला माणूस रस्त्यात दिसला तर लोक वळून बघत, तेव्हाच्या या गोष्टी. जयंतीभाई दुकानातून धावत बाहेर आले आणि दोन हात लांब थबकून म्हणाले, "बेन, कंई चेपी छे?" म्हणजे आजार लागणारा आहे का. कुंदाताई म्हणाल्या, "मारो नहीं, तमारो चेपी छे." तुमचा मला लागेल. जयंतीभाईंना ते पटायला महिना लागला.

दादांचा मात्र भाव वधारला होता. ओळखीपाळखीत, बँकेत, देवळात, कुठेही विषय काढून ते सांगत, "कुंदाच्या अंगात आता माझं रक्त आहे." ते खरंही होतं. कुंदाताईंचा रक्तगट बदलून दादांचा झाला होता. यावर कुंदाताई म्हणत, "गट बदललाय. अक्कल माझीच आहे."

पुढच्याच महिन्यात त्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले. तोंड आतून सोललं, दिवसाला दहा-दहा जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी सोबत होते. डॉक्टर चांगले होते, चित्र वाईट होतं. भावाच्या ज्या पेशी आत गेल्या त्या लढाऊ असतात. त्या नव्या घरात नजर टाकतात, तिथलं सगळं त्यांना परकं दिसतं, आणि त्या घरालाच झोडपायला लागतात. कातडी, आतडी, यकृत, सापडेल ते.

"म्हणजे," कुंदाताई म्हणाल्या, "दादा माझ्या घरात शिरून मलाच विचारतोय, तू कोण?"

"असंच काहीसं."

"मग यात आजार कुठला? तो लहानपणापासून हेच करतोय."

डॉक्टर हसले आणि गंभीर झाले. या पेशींना शांत करायला स्टेरॉइड द्यावं लागेल, सोबत आणखी एक औषध. पण हल्ला करणाऱ्या पेशी आणि राखण करणाऱ्या पेशी एकच. त्यांना गुंगी दिली की शरीराला राखणच उरत नाही. मग जो विषाणू तुम्हाआम्हाला चार दिवस नाक गाळायला लावतो, तोच अशा रुग्णाचा जीव घेऊ शकतो. म्हणून गर्दी नको, फुलं नकोत, सालीसकट खायची फळं नकोत, लहान मुलं नकोत. आणि दर आठवड्याला रक्ताची तपासणी.

बडोद्यात माणूस आजारी पडला की लोक खबर काढायला येतात. येतातच. त्याला डॉक्टरचा इलाज नाही. येताना झेंडूची फुलं, द्राक्षं आणि एखादं शेंबडं मूल घेऊन येतात. बसून चहा पिऊन जातात, आणि आपल्या मेहुण्याला हेच झालं होतं नि तो कसा गेला ते सविस्तर सांगून जातात. कुंदाताईंनी पहिल्याच आठवड्यात दाराला आतून कडी घातली आणि गॅलरीत खुर्ची टाकली. ज्याला खबर काढायची त्यानं खाली रस्त्यात उभं राहावं, वरून उत्तर मिळेल. वेळ संध्याकाळी पाच ते सहा.

त्या एका तासात आमच्या रस्त्याला जे ऐकायला मिळालं ते कुठल्या दवाखान्यातही कुणी ऐकलं नसेल. निवृत्त शिक्षिका, भजनी मंडळाच्या बायका, जुने विद्यार्थी, सगळे मान वर करून उभे. मागून रिक्षाचा भोंगा.

"कुंदाऽ! जुलाब थांबले काऽ?"

कुंदाताईंच्या तोंडात फोड. आवाज खोल गेलेला. त्या उत्तर जुळवत असत तोवर खालून जयंतीभाई गाठिया तोलतातोलता सांगून टाकत, "आजे सारुं छे! चार ज वखत!" आज बरं आहे, चारच वेळा.

स्टेरॉइडनं त्यांचा चेहरा वाटोळा झाला, गाल टम्म फुगले. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण ते गॅलरीच्या कठड्याआड. खालून दिसे तो फक्त चेहरा. लोक खूश. "तब्येत काय सुधारलीय! पहिल्यापेक्षा गोऱ्या दिसता!" मंडळाच्या एका बाईंनी तर कुठला च्यवनप्राश घेता ते विचारलं. कुंदाताई माझ्याकडे रस्त्यापलीकडे बघून बोटांनी खूण करत. दोन. कधी एक. एका गृहस्थांना वरून चक्क शून्य मिळालं. त्यांनी शिंकून रुमाल झटकला आणि "काळजी घ्या हं" म्हणाले.

रक्ताच्या नात्याला मात्र गॅलरी कमीपणाची वाटते. दादांना दारातून प्रवेश होता, मास्क लावून, हात धुऊन. पण वहिनींना रस्त्यात उभं राहणं मंजूर नव्हतं. "सख्खी नणंद आणि मी काय भाजीवाली आहे खालून ओरडायला?"

मे महिन्यातल्या एका दुपारी दादा, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची नात रिया जिना चढून वर आले. त्या वेळी मी कुंदाताईंची औषधं डबीत भरत बसले होते. रियाचा वाढदिवस होता आणि आत्याआजीच्या पाया पडायचं होतं. लहान मुलं नकोत हे दादांना पाठ होतं, पण वहिनी म्हणाल्या असणार, पाया पडायला कितीसा वेळ लागतो. कुंदाताईंनी दार चार बोटं उघडलं. एवढ्या उन्हाळ्यात पोरीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा फ्रॉक, आणि तोंडावर पावडरचा थर.

कुंदाताई तीस वर्षं मुलांच्या तोंडावरून गृहपाठ ओळखत होत्या. त्यांनी आजीला काही विचारलंच नाही.

"रिया बेटा, खाज कुठे येते?"

"इथे," म्हणून रियानं फ्रॉक वर केला. "इथे पण. आजी म्हणाली सांगायचं नाही."

पोटभर कांजिण्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "अगं, उष्णतेच्या पुटकुळ्या आहेत. आमच्यात त्याचं नाव घेत नाहीत, देवीचा कोप होतो. शिवाय आता खपल्या धरायला लागल्यात..."

दार बंद झालं. धाडकन नाही. शांतपणे, कडीचा आवाज करून.

दादांना ते सहन झालं नाही. नातीसमोर, बायकोसमोर, खालून जयंतीभाई मान वाकडी करून बघत असताना. त्यांनी दारावर हात आपटला. "कुंदे! मी तुला माझं रक्त दिलंय! आणि माझ्याच नातीला दार लावतेस?"

आतून कुंदाताईंचा फाटका आवाज आला. "म्हणून तर जपतेय, दादा. तुझंच आहे."

दारावर पुन्हा हात पडला नाही. मी आत होते, त्यांचा चेहरा दिसला नाही. पण वहिनी आणि रिया उतरून गेल्यावरही बराच वेळ जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या नाहीत. कुंदाताई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन लाव. सांग, कांजिण्या, तीन हातांवर, अर्धं मिनिट." घाबरलेल्या असतानाही नोंद चोख.

डॉक्टरांनी जादा औषध दिलं आणि तीन आठवडे अंगावर बारीक लक्ष ठेवायला सांगितलं. रोज सकाळी मी त्यांची पाठ तपासायची. एक पुळी उठली नाही. एकविसाव्या दिवशी आम्ही दोघींनी चहा पिऊन सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच संध्याकाळी त्या आठवड्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू सापडला होता. कांजिण्यांचा नव्हे, दुसराच. सीएमव्ही. त्याची संख्या भराभर वाढत होती.

लगेच इस्पितळात भरती. वेगळी खोली, दाराला काच. शिरेतून दिवसातून दोनदा औषध.

दादांना कळलं तेव्हा ते जेवत होते, असं वहिनी मागून म्हणाल्या. ताट सरकवून उठले ते रियाच्या अंथरुणाशी जाऊन उभे राहिले. मग इस्पितळात आले आणि काचेबाहेरच्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डबा आणलेला तसाच परत नेत. त्यांच्या मनानं घेतलं होतं की आपण त्या दिवशी मुलीला वर नेलं आणि बहिणीला मारलं. वहिनी तर नवस बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

कुंदाताईंना मी हे सांगितलं. तापानं त्यांचे ओठ फाटले होते. म्हणाल्या, "त्याला फोन लावून दे. आणि डॉक्टरांना बाहेर त्याच्यापाशी उभं कर. तो माझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

काचेच्या एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला भाऊ, दोघांच्या कानाला मोबाइल. डॉक्टरांनी दादांना सांगितलं की हा विषाणू रियाकडून आलेला नाही. तो कुंदाताईंच्या अंगात त्यांच्या लहानपणीच शिरलेला आहे. बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो. एकदा थोडासा ताप येतो, किंवा तोही नाही, आणि मग तो आत झोपून राहतो. जन्मभर. राखण ढिली पडली की उठतो.

दादांनी फोनवर विचारलं, "खरं?"

"खरं," कुंदाताई म्हणाल्या. "मी सगळ्या बडोद्याला रस्त्यात उभं केलं, द्राक्षं परत पाठवली, आणि हा पन्नास वर्षं आतच बसला होता, भाडं न देता. रियाला एक गुण जास्त दे, खरं बोलली म्हणून. तुझ्या बायकोचे चार काप."

दादा रडले. मोठा माणूस, बाकावर बसून, फोन कानाला तसाच धरून. मग नाक पुसून त्यांनी जे विचारलं ते विचारायला त्यांना दोन वर्षांहून जास्त लागली होती.

"कुंदे, माझं ते भाषण... खरंच चारच होतं का गं?"

काचेपलीकडे कुंदाताईंनी डोळे मिटले. मला वाटलं ग्लानी आली.

"पुनर्तपासणी केली," त्या म्हणाल्या. "साडेचार."

दादांना ते इतकं पटलं की त्या दिवशी त्यांनी डबा संपवला.

यानंतरचं मला फारसं लिहायचं नाही. सीएमव्ही औषधानं हटला, पण त्या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आणल्या, आणि मूत्राशयात आणखी एक विषाणू जागा झाला. तोही लहानपणीचाच. लघवीला रक्त, गाठी, दर दहा मिनिटांनी कळ. पाच आठवडे. त्या दिवसांत कुंदाताईंनी कुणाला गुण दिले नाहीत. नर्सनं शीर चारदा चुकवली तरी बोलल्या नाहीत. एकदा कळ ओसरल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या हातात मोजे, तोंडाला मास्क, तरी त्यांची पकड आतपर्यंत लागली.

"वैशाली," म्हणाल्या, "मला काठावर पास केलं तरी चालेल गं."

मी चित्रकला शिकवते. आमच्यात सगळेच पास होतात.

झाल्या पास. काठावरच. हळूहळू औषधं कमी झाली, कातडी निवली, जुलाब थांबले. घरी आल्यावर डोळे कायमचे कोरडे राहिले, तोंडाला चव अर्धीच. गॅलरी पुन्हा सुरू झाली. या खेपेला दादाच खाली रस्त्यात खुर्ची टाकून बसत आणि लोकांना रांगेत उभं करत. कुणी खोकलं तर बाजूला काढत. "काका, तुम्ही पुढच्या आठवड्यात." हा त्यांचा अधिकार होता, आणि तो बजावताना ते प्रत्येकाला सीएमव्हीवर जे भाषण देत ते पाऊण तासाच्या आत संपत नसे. वरून कुंदाताई ऐकत. कधी कधी मला रस्त्यापलीकडे बोटं दाखवत. पाच. एकदा साडेपाच.

त्या गेल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात. कशानं म्हणाल तर सर्दीनं. आपण जिला सर्दी म्हणतो आणि कामावर जातो, तिनं. कुणाकडून आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन दिवसांत ती फुप्फुसात उतरली. नवव्या दिवशी सगळं संपलं. आत जायची परवानगी फक्त दादांना होती. शोकसभेला अर्धा दांडिया बाजार लोटला, आणि दादा दारात उभे राहून शिंकणाऱ्यांना परत पाठवत होते. कुणीतरी त्यांना हळूच म्हणालं, "दादा, आता कशाला?" त्यांनी ऐकलं नाही. पुढचा खोकणारा आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाही त्यांनी बाहेर नेलं.

कुंदाताई मला आठवतात त्या मात्र त्यांच्या जाण्याच्या सहा आठवडे आधीच्या, एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या.

प्रत्यारोपणानंतर माणसाच्या शरीराला लहानपणीच्या लसी आठवत नाहीत. त्या पुन्हा, पहिल्यापासून, टोचाव्या लागतात. मोठ्यांच्या दवाखान्यात त्या ठेवत नाहीत. म्हणून सकाळी नऊची, सगळ्यांत पहिली वेळ ठरवून आम्ही गेलो. डॉक्टर उशिरा आले. तोवर बाकं भरली. भिंतीवर हत्ती आणि ससे, दुपट्यांत गुंडाळलेली बाळं, मांडीवर थोपटणाऱ्या आया. कुंदाताई मास्क लावून सगळ्यांपासून लांब, खिडकीजवळ उभ्या राहिल्या. डोक्यावर बोटभर पांढरे केस उगवले होते, पहिल्यापेक्षा मऊ.

आतून मदतनीस मुलगी कार्ड हातात घेऊन आली. मान वर न करता तिनं पुकारा केला, "सबनीस कुंदा! बेबीने अंदर लई आवो!"

आया इकडेतिकडे बघायला लागल्या. बाळ कुणाचं?

कुंदाताईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. "हां, आवे छे," त्या म्हणाल्या. "बेबी चालतां शीखी गई छे."

सगळ्या बायका हसल्या. एक बाळ दचकून रडायला लागलं. कुंदाताई आत गेल्या आणि पाच मिनिटांनी दंडावर कापूस दाबून बाहेर आल्या. दाराजवळच्या एका तरुण आईनं विचारलं, "दुख्युं, बेन?"

"थोडुंक," त्या म्हणाल्या.

बाहेर फूटपाथवर ऊन होतं. त्यांनी मला थांबवलं, चष्मा काढून पुसला आणि लसीचं कार्ड उघडलं. त्यावर दुदू पिणाऱ्या बाळाचं चित्र होतं. खाली दोन महिन्यांनंतरची तारीख लिहिलेली होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. मग वार कुठला येतो ते बोटांवर मोजलं, आणि वारासकट पुन्हा एकदा वाचली.